मोहगाव, परगणा केळझर

नाशिकहून वर्धा जिल्ह्यात कुणी हौसेनं फिरायला जात असेल, तर त्या माणसाला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे. मी गेले ते बाबांनी पाठवलं म्हणून. बासष्टाव्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, समोरच्या बर्थवरचं घोरणं रात्रभर ऐकत मी वर्ध्याला उतरले. स्टेशनबाहेर पोह्यांची गाडी होती. गाडीवाल्याला म्हटलं, तर्री नको, नुसते पोहे दे. त्यानं माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि पळीभर लालभडक तर्री ओतूनच बशी पुढे केली. तिखटानं डोळ्यांत पाणी आलं. पण खरं सांगायचं तर झोप उडाली आणि मी ती बशी चाटूनपुसून संपवली.

बाबा शहाऐंशी वर्षांचे आहेत आणि माझ्याकडे असतात. मूळचे ते हिंगणघाटजवळच्या, वेणा नदीच्या काठावरच्या पिंपळखुट्याचे. तरुणपणी नाशिकला छापखान्यात नोकरीला आले ते इथलेच झाले. जन्मभर आमच्यासारखं बोलले. पण अलीकडे त्यांच्या तोंडात पुन्हा वऱ्हाडी यायला लागली आहे. मी रागावले की "काऊन वरडतं?" म्हणून मलाच विचारतात.

त्यांची आई ते चारपाच वर्षांचे असताना गेली. वडील त्याआधीच वारले होते. चुलत्यानं सांभाळलं. आईची आठवण अशी त्यांना काहीच नाही. आठवतो तो फक्त एक दिवस. हिवाळ्यातली सकाळ, वेणेचं गार पाणी, घरची सगळी माणसं आंघोळ करतायत आणि चुलती त्यांच्या डोक्यावर पाणी ओतत म्हणतेय, तुझी माय संपली आता. तिथी मात्र कुणी सांगितली नाही आणि पुढे विचारायला कुणी उरलं नाही. ज्याची तिथी माहीत नाही त्याचं पान सर्वपित्रीला, म्हणून दरवर्षी त्या अमावस्येला बाबा आईचं पान ठेवतात. या वर्षी पान हातात घेऊन ते थबकले आणि म्हणाले, "दरसाल गर्दीत जेवाले लावतो मी तिले. एकडाव तरी तिच्या दिवशी जेवू दे. तिथी काढून आण तू."

मी पुष्कळ टाळाटाळ केली. पाय दुखतात म्हटलं, तुम्हाला कोण बघेल म्हटलं. बाबा ऐकून घेत आणि संध्याकाळी पुन्हा विचारत, तिकीट काढलं का? हट्ट कसा करावा हे लहान मुलांनी म्हाताऱ्यांकडून शिकावं. शेवटी बहिणीला आठ दिवस घरी आणून बसवलं आणि डिसेंबरात निघाले.

हिंगणघाट

हिंगणघाटात माझी सुमनवहिनी असते, म्हणजे बाबांच्या चुलतभावाची सून. या प्रवासात ती माझ्यासोबत होती आणि ती नसती तर मी दुसऱ्याच दिवशी परतीची गाडी पकडली असती. बाई बोलायला सुरुवात करते ती मुक्कामाचं गाव आल्यावरच थांबते. गावात कापसाचा हंगाम होता. जिनिंगच्या फाटकाबाहेर भरलेल्या गाड्यांची रांग, रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला कापूस, हवेत तंतू. मला सारख्या शिंका. वहिनी म्हणाली, होते सवय, आम्ही तर कापूस खातच मोठे झालो.

तिनं जेवायला सांबारवडी केली होती. सांबार हा शब्द ऐकून मी आपली वाटी सरसावून बसले, तर पुढ्यात कोथिंबीर भरलेली खमंग वडी. इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात हे बाबांकडून कधीतरी ऐकलं होतं, पण नाशकात राहून विसरले होते. तीन खाल्ल्या आणि चौथीला नको म्हणत घेतली.

खरं काम दुसऱ्या दिवशी. आमच्या भाच्यानं आधीच कुणाकडून तरी जुन्या जमिनीच्या कागदाचा फोटो मोबाइलवर मिळवला होता आणि तो घरच्या ग्रुपवर टाकून मोठा गोंधळ उडवला होता. कागदावर आजीच्या नावाच्या जागी लिहिलं होतं, 'मुसम्मात गिरजा बेवा महादेव'. त्यावर कुणी म्हणालं, आजीचं माहेरचं नाव मुसम्मात. कुणी म्हणालं, आडनाव असेल. चुलतबहिणीनं ठामपणे सांगितलं की तिला लाडानं बेवा म्हणत असणार, आपल्यात नाही का बेबी म्हणत. आठवडाभर हे चाललं. मी काहीच लिहिलं नाही, कारण मलाही कळत नव्हतं.

तहसील कचेरीच्या फाटकाशी एका टेबलामागे एक अर्जनवीस बसले होते. लोकांचे अर्ज लिहून देणारे. कपाळाला गंध, गळ्यात मफलर आणि स्वतःविषयी कसलीच शंका नाही. त्यांनी फोटो मोठा करून पाहिला आणि शिकवणी घेतल्यासारखं सांगायला लागले. मुसम्मात म्हणजे नुसतं श्रीमती. बाईच्या नावाआधी लावायचंच. बेवा म्हणजे विधवा. वल्द म्हणजे अमक्याचा मुलगा, साकिन म्हणजे राहणार, फौत म्हणजे मयत. मध्यप्रांताच्या काळातली कचेरीची भाषा, निम्मी फारसी, लिहिणाऱ्यालाही पुरती येत नसायची. आठवडाभराचा आमचा वाद त्यांनी चहा निवायच्या आत मिटवला. त्याच कागदावर पुढे बाबाही होते: 'सदाशिव वल्द महादेव, अज्ञान, पालनकर्ता चुलता'. अज्ञान म्हणजे वयात न आलेला. जन्मभर छापखान्यात मुद्रितं तपासलेल्या माणसाला हे वाचून दाखवायला मजा येईल, असं मला वाटलं.

मग आम्ही मयतांची नोंद काढायला लावली. पूर्वी गावचा कोतवाल जन्ममृत्यूंची वही ठेवी, तिची नक्कल मिळते. बाबांचे वडील त्यात सापडले, 'फौत, ताप' एवढंच. त्यापुढची काही वर्षं पाहिली. आजी कुठेच नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, पुन्हा पाहिलं. गुडघा सुजला होता. मी त्या अर्जनविसांच्या बाकावर येऊन बसले आणि म्हटलं, नोंद गहाळ झालीय बहुतेक.

ते म्हणाले, गहाळ कशाला होईल, आपण शेरा वाचलाच नाही. फोटोच्या कडेला बारीक अक्षरांत एक ओळ होती, ती मी शाईचे डाग समजत होते. त्यांनी चष्मा कपाळावर घेतला आणि मोबाइल नाकाला लावून वाचलं: 'मुसम्मात गिरजा पाट करून मौजा मोहगाव प॥ केळझर येथे गेली, सबब नाव खारीज.'

पाट म्हणजे काय हे मला माहीत होतं. विधवेचं दुसरं लग्न. पण माहीत असणं आणि समजणं यांत त्या दिवशी बराच वेळ गेला. आजी मेली नव्हती. तिनं दुसरा घरोबा केला होता, म्हणून जमिनीवरचं नाव काढलं होतं.

मी सुमनवहिनीला म्हटलं, असं कसं? बाबांना आंघोळ आठवतेय. घरच्यांनी सुतक फेडलं होतं.

वहिनी बाकावर माझ्याजवळ सरकून बसली. मग म्हणाली, "ताई, आमच्याकडं जुनी रीतच होती तशी. बाई पाट लावून गेली का सासरचे तिच्या नावानं आंघोळ करत. त्यायच्यासाठी ते मेली. माह्या मावशीच्या नावानं बी केलती. मावशी नव्वद वर्षं जगली."

आणि मूल? मूल बापाच्या घरचं. ते मागेच ठेवून जायचं. ज्या गावाला ती जाई तिथं मागच्या घरचं नाव काढायचं नाही, आणि मागच्या गावात पुन्हा पाय ठेवायचा नाही. पाटसुद्धा गावाबाहेर, अंधारात लावत. वहिनीनं हे सगळं भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं, आणि मला कधी नव्हे तो तिचा राग आला. खरा राग आजीचा आला होता. त्याहून खरा माझा मला, की कशाला आले मी हे उकरायला? एक तिथी आणायची होती. ती मिळाली नाही म्हणून परत गेले असते तर बाबा चार दिवस कुरकुरले असते, इतकंच.

संध्याकाळी बाबांचा फोन आला. भेटली का तिथी? मी म्हटलं, कागद फार जुने आहेत, वेळ लागेल. ते म्हणाले, "लागू दे. मी कुठी चाल्लो?"

चुकीचं मोहगाव

तिथी हवी तर मोहगावला जाणं भाग होतं. ती कुठे मेली हे तिथंच कळणार. अर्जनवीस म्हणाले, मोहगाव तर पुलगावकडं आहे. 'प॥ केळझर' म्हणजे काय विचारलं तर त्यांनी हात झटकला. पटवाऱ्याचं नाव असेल म्हणाले. इतके शब्द बरोबर सांगितलेल्या माणसावर विश्वास न ठेवण्याचं काही कारण नव्हतं. वहिनीच्या ओळखीची गाडी केली आणि निघालो.

त्या मोहगावात आम्हाला सगळं मिळालं, आजी सोडून. चहा मिळाला, आलूबोंडा मिळाला, पोलीस पाटलांच्या घरी कढीगोळे मिळाले. गिरजाबाई नावाच्या तीन बायका मिळाल्या, त्यांतली एक जिवंत होती आणि आमच्यावर रागावली. कुणालाही नाही म्हणवत नव्हतं, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्या घरी पाठवत होता. आमच्याकडे नाशकात माहीत नसलं की दार लावून घेतात, त्यातही सोय असते हे मला त्या दिवशी पटलं.

परतताना लष्कराच्या दारूगोळ्याच्या डेपोच्या कुंपणाशी टायर फुटलं. तिथं थांबू नये, फोटो काढू नये अशा पाट्या पावलोपावली आणि आम्ही नेमके त्या पाटीखाली. पलीकडचा पहारेकरी आमच्यावर नजर ठेवून उभा. वहिनीनं त्याला शिदोरीतली पोळी देऊ केली, त्यानं मान हलवली. गाडीवाला चाक बदलेपर्यंत मी एका दगडावर बसले आणि करायला काही नव्हतं म्हणून मोबाइलमधला तो फोटो पुन्हा पाहिला. वरच्या ओळीत आमच्या गावाचं नाव होतं: 'मौजा पिंपळखुटा प॥ हिंगणघाट'. खाली 'मौजा मोहगाव प॥ केळझर'. पटवाऱ्याचं नाव हिंगणघाट कसं असेल? ही दोन्ही गावं होती. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात सुभा, सरकार, परगणा असं पाठ केलं होतं ते आठवलं. परगणा. म्हणजे आम्हाला हवं होतं ते मोहगाव केळझरकडचं, थेट उलट दिशेला, सेलू तालुक्यात.

मी वहिनीला सांगितलं. ती म्हणाली, "मंग थो बुवा दिवसभर कायले फिरवून राह्यला आपल्याले?" पहारेकऱ्यालाही तिनं ते ऐकवलं. मला हसू यायला हवं होतं, पण इतकी दमले होते की रडूच यायला लागलं.

बरोबर मोहगाव

केळझरवरून सेलू, सेलूवरून हिंगणी. हिंगणीच्या पुढे रस्ता बोर धरणाच्या अंगानं जातो. एका बाजूला सागाचं जंगल, वाघ दिसल्यास काय करू नये याच्या पाट्या; दुसऱ्या बाजूला तुरीची पिवळी शेतं आणि वेचायला आलेला कापूस. हवा थंड होती, ऊन मऊ होतं. बरं वाटायला हरकत नव्हती. पण मी रस्त्यावरच्या प्रत्येक पाटीत मोहगाव शोधत होते.

गिरजाबाईचं घर विचारलं तर पहिल्याच माणसानं बोट दाखवलं. कवेलूचं, म्हणजे कौलारू घर, पुढे सारवलेलं अंगण, अंगणात एक म्हातारा सुपात तुरीच्या शेंगा सोलत बसलेला. मी त्याच्याकडे पाहिलं आणि पायरीवरच थांबले. कान बाबांचे होते. मोठे, पुढे आलेले, नाशकात ज्यांवरून आम्ही बाबांना चिडवतो ते कान.

आतून सुनेनं पाणी आणलं. पाणी झाल्यावर मी विचारलं, गिरजाबाई तुमच्या कोण?

"माय होये माही." नामदेव त्यांचं नाव. ऐंशीच्या जवळ आलेले.

मी सांगितलं की मी पिंपळखुट्याच्या सदाशिवची मुलगी. शेंगा सोलणारी बोटं थांबली. आतल्या दारात त्यांची बायको येऊन उभी राहिली.

ते म्हणाले, "सदाशिव तं लहानपनीच मेला ना, बाई."

"नाही हो. नाशकात आहेत. आज सकाळीच फोनवर भांडले माझ्याशी."

काकूंनी पदर तोंडाला लावला आणि देवघराकडे वळून हात जोडले. मला वाटलं आनंदानं. तो आनंद नव्हता, घाबरल्या होत्या. आतून काय काय निघत गेलं ते मी इथे सरळ सांगते, कारण तिथं ते तिघांच्या तोंडून, मधेमधे रडत, उलटसुलट कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इकडे तान्हा पोळा असतो. मुलं लाकडी बैल सजवून, दोरी धरून मिरवतात. आमच्या नाशकाकडे हे नाही. नामदेवकाका लहान असताना त्यांच्या आईनं सुताराकडून दोन बैल करून घेतले होते. एक तुझा, एक तुझ्या दादाचा, इतकंच सांगायची. दादा कोण, कुठे आहे, हे विचारलं की कामाला लागायची. मागच्या घरचं नाव काढायचं नाही ही रीत तिनं पाळली, पण दोन्ही बैलांना ती सारखाच रंग देई आणि दोन्ही दोऱ्या एकट्या नामदेवच्या हातात. ती गेली तेव्हा शेवटच्या दिवसांत तिला शुद्ध नव्हती. तेव्हा तिनं पहिल्यांदा नाव घेतलं. सदाशिव, सदाशिव, अशी हाक मारत राहिली.

"मरतेवक्ती मानूस मेलेल्याइलेच हाका मारते," काका म्हणाले. "आमाले वाटलं, थो घ्याले आला तिले. म्हून त्याचं बी पान ठेवू लागलो."

म्हणजे असं की आईची तिथी वैशाख वद्य सप्तमी, म्हणून पितरांत सप्तमीला तिचं पान. आणि तिच्या त्या मेलेल्या मुलाची तिथी माहीत नाही, म्हणून त्याचं सर्वपित्रीला. गेली कितीतरी वर्षं त्या अमावस्येच्या दुपारी नाशकात बाबा आईच्या नावानं कावळ्याची वाट बघत होते आणि इथे मोहगावात याच कवेलूंवर बाबांच्या नावानं वडे ठेवले जात होते.

जित्या माणसाचं पान ठेवलं म्हणून काकू हादरल्या होत्या. केवढं पाप लागलं असेल, त्यांच्या जिवाला काही झालं असतं तर, असं पुन्हा पुन्हा म्हणत होत्या. सुमनवहिनीनं त्यांना जवळ घेतलं आणि म्हणाली, पाप कशाचं, दोन्हीकडचं जेवण मिळत होतं म्हणून तर बुवा शहाऐंशी वर्षं टिकला. काकू रडता रडता हसल्या. मीही. किती दिवसांनी नीट श्वास घेतला असं वाटलं.

मग जेवण. तसं जेवल्याशिवाय कुणी सोडणारच नव्हतं. वांग्याचं भरीत, ज्वारीची भाकरी, गोळाभातावर हिंगाचं गरम तेल. जेवताना समोर फळीवर ते दोन्ही बैल दिसत होते. रंगाचे थर चढून चढून त्यांचे डोळे बुजले होते. अजून दर तान्ह्या पोळ्याला दोन्ही निघतात. आता नामदेवकाकांचा नातू मोठा झाला, तरी दुसरी दोरी धरायला शेजारचं पोर बोलावतात. एक बैल बाबांसाठी मागावा असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते दोघं एकमेकांना लागून इतकी वर्षं उभे होते की माझं धाडस झालं नाही.

निघताना मी काकांना विचारलं, ती एकदाही का नाही आली हो? पंधरावीस कोसांवर मूल होतं तिचं.

ते म्हणाले, "पाटाची बाई मांगं वळून पाह्यत नसे, पोरी. पाह्यलं असतं तं इकडं बी राह्यली नसती." मग त्यांनी त्यांचा फोन नंबर सुनेकडून मला लिहून दिला. "दादाले सांगाचं का नाई, थे तू ठरव. तू वळखतं त्याले."

नाशिक

परतीच्या वाटेवर मी ठरवलं होतं की फक्त तिथी सांगायची. वर्ध्याहून गोरसपाक ही तिथली प्रसिद्ध बिस्किटं घेतली होती, त्यांची पुडी बाबांच्या हातात दिली आणि म्हटलं, सप्तमी. वैशाख वद्य सप्तमी. ते खूश झाले. मला भिंतीवरचं कॅलेंडर काढायला लावलं आणि मग सहज विचारलं, "कोन्त्या साली गेली म्हंते कागदात?"

एवढं मी ठरवलंच नव्हतं. शहाऐंशी वर्षांच्या माणसाला खोटं साल सांगता आलं असतं. पण मला ते जमलं नाही, थकव्यानं असेल. मी म्हटलं, बाबा, मला नोकरी लागली ना, त्या सुमारास.

त्यांनी गोरसपाकचा तुकडा पुन्हा पुडीत ठेवला. "म्हंजे जित्ती होती."

मग मी सगळं सांगितलं. पाट, आंघोळ, मोहगाव, दोन बैल, शेवटच्या हाका. ते ऐकत होते की नाही कळेना. संपल्यावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. जेवले नाहीत. बहीण मला म्हणाली, काय गरज होती? मीच त्यांना संपवलं असं वाटून मी त्यांच्या खोलीच्या दारात खुर्ची टाकून बसले. लहान मुलाला आई मेली सांगणारी ती चुलती एकीकडे आणि म्हाताऱ्याला आई सोडून गेली सांगणारी मी एकीकडे. तिनंच बरं केलं होतं की काय, असंही मनात आलं.

सकाळी चहा झाल्यावर बाबा म्हणाले, "लाव फोन."

दोघांनाही ऐकू कमी येतं. पहिली काही मिनिटं दोन्हीकडून नुसतं हॅलो, हॅलो. मग नामदेवकाका म्हणाले की दादा, चुकलं आमचं, तू जित्ता असून तुझ्या नावानं पान ठेवलं.

बाबांनी विचारलं, "काय काय वाढलतं?"

"वडे, कढी, कोहळ्याची भाजी, खीर."

"कढी नाई आवडत मले."

"आता मले काय मालूम, दादा?"

यावर दोघं जे हसायला लागले ते थांबेनात. बाबांना ठसका लागला, मी पाठ चोळली. मग त्यांनी बैलांचं विचारलं. उंची केवढी, लाकूड कसलं, शिंगं आहेत की मोडली. सुताराचं नाव विचारलं. आईबद्दल एक शब्द विचारला नाही. शेवटी येजो म्हणाले, तिकडून काका येजो म्हणाले, आणि दोघांनाही माहीत होतं की आता कुणाच्यानंच इतका प्रवास होणार नाही.

फोन ठेवल्यावर मी नव्या वर्षाचं कॅलेंडर घेतलं. पितरांतल्या सप्तमीवर खूण करून ठेवते म्हटलं. तिथी तर मिळाली, आता तिच्या दिवशी पान ठेवता येईल. त्यासाठीच तर गेले होते.

"नको," बाबा म्हणाले.

मला वाटलं, राग आला असेल आईचा. यावा, इतकी वर्षं हक्काचा होता तो. मी पेन बाजूला ठेवलं.

"तिकडं जेवते ना ते आपल्या दिवशी. पोरगा हाय, सून हाय." त्यांनी पुडी उघडली आणि कालचा तो तुकडा तोंडात टाकला. "आता दोन दोन घरी कायले फिरवतं तिले? थकली असन."